भिंत देणारा चित्रकार

चित्र काढण्यास कागद, रंग आणि थोडा निवांत वेळ एवढे पुरते. ते लोकांना दाखवावयाचे तर भिंत लागते, आणि भिंत कोणाच्या तरी मालकीची असते. व्यवहारातले हे साधे सत्य कलेच्या चर्चेत बहुधा विसरले जाते. चित्रकाराची प्रतिभा, त्याची शैली, त्याच्यावरील पाश्चात्त्य प्रभाव यांविषयी पानेच्या पाने लिहिली जातात. परंतु त्याचे पहिले प्रदर्शन कसे भरले, दालनाचे भाडे कोठून आले, चौकटी उधारीवर कोणी करून दिल्या आणि उद्घाटनाला पहिली दहा माणसे कोणी आणली, हे प्रश्न क्षुल्लक समजले जातात. वस्तुतः एखादा होतकरू तरुण चित्रकार होतो, की पोटामागे लागून कुंचला कायमचा ठेवून देतो, याचा निकाल पुष्कळदा याच प्रश्नांच्या उत्तरांवर लागतो.

कृष्णाजी हौलाजी आरा यांचे आयुष्य हे याचे बोलके उदाहरण आहे. के. एच. आरा या नावाने कलाजगताला परिचित असलेल्या या चित्रकाराचे ३० जून १९८५ रोजी मुंबईत निधन झाले. त्या घटनेला चार दशके लोटली. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’च्या सहा संस्थापकांपैकी एक म्हणून त्यांचे नाव येते; परंतु ते येते सूझा, हुसेन आणि रझा यांच्या नावांनंतर, आणि पुष्कळदा एका वाक्यापुरतेच. मुंबईच्या काळा घोडा परिसरात ज्यांनी त्या काळी आपली पहिली चित्रे टांगली, त्यांच्या आठवणींत मात्र हा क्रम उलटा होतो. तेथे आरा प्रथम येतात. आणि ते थोर चित्रकार म्हणून येण्याआधी, दार उघडणारा माणूस म्हणून येतात.

इतिहासाचा क्रम आणि आठवणींचा क्रम यांत हा फरक का पडावा, हे पाहण्यासारखे आहे.

बोलारम ते वाळकेश्वर

आरांचा जन्म १६ एप्रिल १९१४ रोजी सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. वडील मोटार चालवीत असत. तीन वर्षांचे असताना आई वारली आणि वडिलांनी दुसरे लग्न केले. वयाच्या सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस पळून आला. मुंबईत त्याला थारा मिळाला तो एका इंग्रज कुटुंबात घरगडी म्हणून. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला. त्या वेळी त्याचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे असावे. पुढे एका जपानी पेढीत मोटारी धुण्यापुसण्याचे काम मिळाले आणि त्याबरोबर वाळकेश्वरला नोकरांच्या चाळीत राहावयास एक लहानशी खोली मिळाली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. महायुद्धाच्या त्या धामधुमीत जपानी पेढीचा गाशा गुंडाळला गेला. नोकरी गेली, पण खोली राहिली.

या सर्व काळात कामातून उरलेल्या वेळेत आरा चित्रे काढीत होते. त्यांना कोणी गुरू नव्हता आणि सर ज. जी. कलाशाळेच्या फाटकातून विद्यार्थी म्हणून आत जाण्याची ऐपतही नव्हती. अशा माणसाची चित्रे बहुधा त्याच्याबरोबरच नाहीशी होतात. खोलीत ओल येते, कागदाला वाळवी लागते, घर बदलताना गठ्ठा मागे राहतो. आणि आपल्यामध्ये एक चित्रकार होऊन गेला हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आरांच्या बाबतीत असे झाले नाही, कारण त्यांची चित्रे रूडी फॉन लायडेन यांच्या दृष्टीस पडली.

फॉन लायडेन हे मूळचे जर्मन. हिटलरच्या उदयानंतर, १९३३ साली, ते हिंदुस्थानात आले. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ असलेला हा गृहस्थ पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासमीक्षक म्हणून प्रसिद्धीस आला. एका घरगड्याच्या चित्रांत त्यांना काही विशेष दिसले. कौतुकाचे चार शब्द बोलून ते थांबले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु त्यांनी आरांना उत्तेजन दिले, रीतसर शिक्षणाची वाट दाखविली आणि आरा काही काळ केतकर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. १९४२ साली मुंबईत आरांचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि त्याला चांगला प्रतिसाद मिळाला.

या घटनेचा अर्थ आज पुरतेपणी ध्यानात येणे कठीण आहे. त्या काळी मुंबईत खासगी कलादालने जवळजवळ नव्हतीच. १८८८ साली स्थापन झालेली बाँबे आर्ट सोसायटी आणि १९१८ सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थांची वार्षिक प्रदर्शने हाच चित्रकाराचा मुख्य आधार असे. तेथे चित्र पाठवावयाचे, परीक्षकांच्या निर्णयाची वाट पाहावयाची आणि नाकारले गेले तर ते परत घेऊन यावयाचे, असा रिवाज होता. एकट्या चित्रकाराने आपलीच चित्रे मांडावयाची म्हणजे चौकटी, दालन, निमंत्रणपत्रिका, माहितीपत्रक असा सगळा खर्च अंगावर घ्यावयाचा. शिवाय प्रदर्शन पाहण्यास येणारा प्रेक्षक बहुधा मोटारीतून उतरणारा. आणि येथे चित्रकार होता तो मोटारी धुणारा. हे अंतर केवळ प्रतिभेच्या बळावर तुटत नाही. ते तुटण्यासाठी दोन्ही बाजूंना ओळखणारा आणि हाताला धरून पलीकडे नेणारा कोणी तरी मध्ये उभा राहावा लागतो.

परक्यांचा आधार

१९४० नंतरच्या दशकात मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत फॉन लायडेन यांच्याप्रमाणेच आणखी दोन परदेशी नावे येतात. वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाचे चित्रकार. त्यांची पत्नी ज्यू असल्याने नाझींच्या आक्रमणानंतर त्यांना ऑस्ट्रिया सोडावा लागला. मुंबईत ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरील त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. चित्रे दाखविली जात, त्यांवर चर्चा होई, युरोपातील चित्रांच्या प्रतिकृती पाहावयास मिळत. दुसरे इमॅन्युएल श्लेसिंगर. तेही व्हिएन्नाहूनच आश्रयास आलेले. मुंबईत त्यांनी औषधांचा कारखाना काढला आणि मिळविलेल्या पैशातून या नवख्या चित्रकारांची चित्रे विकत घेण्यास प्रारंभ केला. चौकटींचा व्यवसाय करणारे केकू गांधी यांचे साह्यही याच काळातले. पुढे १९६३ साली त्यांनी ‘केमोल्ड’ हे कलादालन सुरू केले.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांना स्वतःचे घर आणि देश सोडून परागंदा व्हावे लागले, अशा माणसांनी सातव्या वर्षी घर सोडलेल्या एका मुलाला कलेच्या जगात घर मिळवून दिले. बेघर होण्याचे दुःख ज्याने भोगले आहे त्याला दुसऱ्याच्या उंबरठ्यावरचे ताटकळणे लवकर कळते, असा याचा अर्थ लावता येईल. उपकार करणाऱ्याच्या थाटात त्यांनी हे केले नाही. चित्र पाहिले, त्याविषयी लिहिले, ते विकत घेतले आणि चार लोकांना बोलावले. यापलीकडे त्यांचे कार्य गेले नाही. परंतु एवढ्यानेच काम भागले.

१९४४ साली आरांच्या मराठ्यांच्या लढाईवरील चित्राला गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. मोटारी धुणाऱ्या चित्रकाराचे नाव वर्तमानपत्रांत आले आणि मुंबईच्या कलावर्तुळात तो आता कोणी तरी झाला.

सहा जण

१९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. सूझा, रझा आणि आरा या तिघांच्या विचारविनिमयातून ही कल्पना पुढे आली आणि हुसेन, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे हे त्यांना येऊन मिळाले. या सहा जणांची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे हा गट किती निरनिराळ्या वाटांनी एकत्र आला होता याची कल्पना येते. सूझा गोव्याचे ख्रिस्ती, कलाशाळेतून काढून टाकलेले. रझा मध्य प्रांतातून आलेले, ब्लॉक करणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून शिकलेले. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरणारे. गाडे अमरावतीकडचे, विज्ञानाचे पदवीधर. बाकरे बडोद्यास जन्मलेले मराठी कलावंत. आणि आरा हे असे. त्यांच्यात समान असे एकच होते: प्रस्थापित प्रदर्शनांच्या भिंतींवर आपल्याला जागा नाही ही जाणीव.

या जाणिवेला तात्कालिक निमित्त झाले ते आरांच्याच एका चित्राचे, असे सांगितले जाते. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे त्यांनी काढलेले भव्य चित्र बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी नाकारण्यात आले आणि मित्रांना ते झोंबले. नाकारले जाणे ही चित्रकाराच्या आयुष्यातील नित्याची गोष्ट आहे. पण आपल्या मित्राचे चित्र नाकारले गेले म्हणून इतरांनी स्वतःची वेगळी चूल मांडावी, ही गोष्ट नित्याची नाही. या गटाच्या इतिहासात जाहीरनामे आणि वाद यांची चर्चा फार होते. त्याच्या मुळाशी एक साधे मित्रप्रेम होते, हे सहसा सांगितले जात नाही.

जुलै १९४९ मध्ये या सहा जणांचे प्रदर्शन रँपार्ट रोवरील बाँबे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. ज्या संस्थेवर रुसून गट निघाला, तिच्याच दालनात पुढे त्याचे प्रदर्शन व्हावे, यात त्या काळच्या मुंबईचा एक गुण दिसतो. मतभेद तीव्र असत, पण दार कायमचे बंद होत नसे.

आरा राहिले

गट फार काळ टिकला नाही. त्याच १९४९ साली सूझा लंडनला गेले. १९५० मध्ये रझा फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. ते अनेक दशकांनी कायमचे परतले. बाकरे १९५१ च्या सुमारास इंग्लंडला गेले. गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत असे नवे चित्रकार मधल्या काळात गटात आले होते. पण १९५६ पर्यंत गट म्हणून जे होते ते संपले. हुसेन यांची पावले तर एका गावी कधीच ठरली नाहीत.

आरा मात्र मुंबईतच राहिले. त्यांचीही प्रदर्शने होत होती आणि मानसन्मानही मिळत होते. १९५२ साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. जिने चित्र नाकारले तिनेच पदक दिले. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी जो चित्रसंग्रह जमविला, त्यात आरांच्या चित्रांना स्थान मिळाले. याच सुमारास, २१ जानेवारी १९५२ रोजी, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन झाले आणि काळा घोडा हा परिसर मुंबईच्या चित्रकलेचे केंद्र बनू लागला. १९६३ मध्ये पंडोल आर्ट गॅलरीत आरांच्या ‘ब्लॅक न्यूड’ या मालिकेचे प्रदर्शन भरले. त्या काळच्या संकेतांना धक्का देणारी ही चित्रे आरांच्या हातून यावीत, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. कारण तोवर फुलदाण्यांचा चित्रकार अशीच त्यांची ख्याती झाली होती.

फुले, फळे, सुरया, मातीची भांडी हा आरांचा आवडता विषय. जलरंग आणि गुआश हे त्यांचे मुख्य माध्यम. साधे, स्वस्त, कागदावरचे. पण ते रंग ते असे जाड लावीत की कागदावर तैलरंगाचा भास व्हावा. आणि पुढे तैलरंग हाती घेतला तेव्हा तो जलरंगासारखा पातळ वापरीत. रीतसर शिक्षण फारसे न झालेल्या माणसाचे हे धारिष्ट होते. अशी चित्रे त्यांनी फार काढली, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. एकाच विषयाची पुनरावृत्ती झाली की काही चित्रे उतरतात. मात्र जी साधली आहेत त्यांतील फुले जिवंत आणि थोडी रांगडी आहेत. बागेतून खुडून दिवाणखान्यात रचून ठेवल्यासारखी ती वाटत नाहीत. बाजारातून कागदात बांधून आणून मिळेल त्या भांड्यात ठेवावीत, तशी ती दिसतात.

चिटणीस आरा

चित्रकाराची कारकीर्द म्हणून ही हकिगत येथे संपविता आली असती. आरांचे वेगळेपण यानंतर सुरू होते. रँपार्ट रो म्हणजे आताच्या के. दुभाष मार्गावरील अडोर हाउसच्या पहिल्या मजल्यावर आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेचे छोटे दालन. आरांनी या संस्थेचे चिटणीसपद सांभाळले आणि उत्तरायुष्याचा मोठा भाग या दालनाच्या सहवासात घालविला. विवाह त्यांनी केला नव्हता. एका मुलीला त्यांनी कन्या मानून वाढविले होते. बाकीचा संसार म्हणजे हे दालन आणि तेथे येणारे चित्रकार.

आरांना ओळखणाऱ्यांच्या आठवणींत काही गोष्टी पुनःपुन्हा येतात. नव्या चित्रकाराला त्यांनी प्रदर्शनासाठी जागा मिळवून दिली. अडचणीत असलेल्याला पैशांची मदत केली. स्वतःची चित्रे विकताना घासाघीस केली नाही. या आठवणींत आरांनी मांडलेले कलाविषयक सिद्धांत सापडत नाहीत. त्यांत सापडतो तो एक हसतमुख, मायाळू, थोडा बेहिशेबी गृहस्थ. आणि त्याच्याविषयी बोलताना सांगणाऱ्याचा स्वर बदलतो.

अशा आठवणींना इतिहासकार फारशी किंमत देत नाहीत. स्नेह्यांच्या आठवणी स्नेहाने रंगलेल्या असतात, हे खरेच आहे. परंतु या आठवणी एका माणसाच्या नाहीत; परस्परांशी संबंध नसलेले अनेक चित्रकार तीच गोष्ट सांगतात, तेव्हा तो पुरावाच ठरतो. शिवाय त्या आठवणींमागे कार्यकारणभावही स्पष्ट दिसतो. १९४२ मध्ये ज्याच्यासाठी दुसऱ्याने दार उघडले, तो पुढे इतरांसाठी दार उघडण्यास बसला. फॉन लायडेन, लँगहॅमर, श्लेसिंगर यांचे ऋण त्यांना परत करण्यासारखे नव्हतेच. ते पुढच्या माणसाला देऊनच फेडता येण्यासारखे होते. आरांनी ते तसे फेडले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली काय? बहुधा लागली. दालनाची व्यवस्था पाहणारा माणूस दिवसाचे कित्येक तास दुसऱ्यांच्या चित्रांसाठी खर्च करतो. पॅरिस किंवा लंडन येथे राहून जी नवी दृष्टी, जे नवे ग्राहक आणि जे नाव मिळते, ते मुंबईतील एका पहिल्या मजल्यावर बसून मिळत नाही. सहकाऱ्यांच्या चित्रांचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर्सना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आरांच्या चित्रांचा भाव त्या आकड्यांच्या जवळपासही येत नाही. लिलावाचा हातोडा ज्या गोष्टी मोजतो, त्यांत दुसऱ्याला दिलेल्या भिंतीची गणना होत नाही.

आजचा प्रश्न

हा सर्व इतिहास आज उगाळण्याचे कारण असे, की ज्या अडचणीत १९४२ सालचा आरा होता, त्या अडचणीत आजही महाराष्ट्रातील हजारो चित्रकार आहेत. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी अर्ज करणाऱ्याला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते, हे चित्रकारांच्या वर्तुळात सर्वांस ठाऊक आहे. खासगी दालने वाढली. परंतु ती विकल्या जाणाऱ्या नावांच्या शोधात असतात आणि नवखा चित्रकार हा त्यांच्या दृष्टीने जोखमीचा माल असतो. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तो व्यापार आहे. पण व्यापार जेथे थांबतो तेथून पुढे कोणी जावयाचे, हा प्रश्न राहतोच.

मुंबईबाहेर तर स्थिती याहून बिकट आहे. दरवर्षी राज्यभर लाखो विद्यार्थी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्यांना शिकविणारे चित्रकला शिक्षक गावोगावी आहेत आणि त्यांतील कित्येक स्वतः चांगले चित्रकार आहेत. त्यांची चित्रे कोठे असतात? शाळेच्या वर्गात, मुख्याध्यापकांच्या खोलीत, स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर, आणि उरलेली घरी माळ्यावर. नगरपालिका सभागृहे बांधतात. तेथे लग्ने होतात, व्याख्याने होतात, सत्कार होतात. त्यांच्या भिंतींवर नेत्यांच्या तसबिरी आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात. गावातल्या चित्रकाराचे चित्र टांगता येईल अशी खुंट्या आणि उजेड असलेली एक भिंत ठेवावी, असे बांधकामाच्या आराखड्यात कोणाला सुचत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की सरसकट सर्वांना भिंत दिली तर सुमार चित्रांचा सुकाळ होईल. होईल, यात शंका नाही. परंतु सुमार काय आणि सकस काय हे ठरविण्याची घाई दारापाशीच झाली तर काय घडते, याचा दाखला आरांच्या नाकारलेल्या चित्राने दिलाच आहे. निवड करण्याचे काम प्रेक्षक आणि काळ हे दोघे यथावकाश करतात. दारावरच्या माणसाने फक्त दार उघडावयाचे असते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. चित्र काढावे, त्याचा फोटो टाकावा, क्षणात तो जगभर जातो. मग भिंत हवी कशाला? हे सोपे उत्तर फसवे आहे. आरांच्या गुआशचा जाड थर, त्यातून दिसणारा कुंचल्याचा माग, हे सगळे त्या हातभर काचेवर सपाट होऊन जाते. मिरवणुकीचे भव्य चित्र आणि सुरईचे छोटे चित्र तेथे सारख्याच आकाराचे दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रदर्शनात चित्रकार उपस्थित असतो. कोणी तरी त्याच्या चित्रापुढे दोन मिनिटे थांबतो, मागे सरून पुन्हा पाहतो आणि काही विचारतो. त्या दोन मिनिटांनी नवख्या माणसाला जे बळ मिळते, ते अंगठ्याच्या खुणांच्या शेकड्यांनी मिळत नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. सार्वजनिक वाचनालयाची एक खोली वर्षातून काही आठवडे गावातील चित्रकारांसाठी राखून ठेवता येईल. महाविद्यालयांना आपले व्हरांडे वापरता येतील. नगरपालिकांना नव्या सभागृहात एक भिंत आणि चार दिवे यांची तरतूद करता येईल. प्रत्येक प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, चित्रांची यादी आणि अभिप्रायवही एका कपाटात जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनी त्या गावाच्या कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला केवळ स्नेह्यांच्या आठवणींवर विसंबून राहावे लागणार नाही.

मात्र खोली, भिंत आणि कपाट यांनीच काम भागणार नाही. प्रत्येक ठिकाणी एक चिटणीस लागेल: सकाळी कुलूप काढणारा, खिळे आणि दोरी शोधून देणारा, नवख्या चित्रकाराची चित्रे सरळ लागली आहेत की नाही हे लांबून पाहणारा, आणि उद्घाटनाला फारसे कोणी आले नाही तर त्याच्याशी बोलत बसणारा. तो मोठा चित्रकार असण्याची गरज नाही. एखादा शिक्षक, एखादा ग्रंथपाल, कचेरीतून सुटून संध्याकाळी दोन तास देणारा एखादा कारकून हे काम करू शकेल. त्याचे नाव इतिहासात एका वाक्यापुरते येईल, किंवा येणारही नाही. परंतु त्या गावात जे चित्रकार होतील, ते आपल्या पहिल्या प्रदर्शनाची हकिगत सांगू लागले की सुरुवात त्याच्या नावाने करतील. के. एच. आरा यांच्या वाट्याला आलेला सन्मान याहून वेगळा नव्हता. आणि तो सुवर्णपदकापेक्षा अधिक काळ टिकला आहे.